रखमाजींच्या नावानं सोडलेलं

वर्षश्राद्धाच्या दिवशी साहेबराव टेंभुर्णीहून जीप भरून माणसं घेऊन आले, आणि सोबत एवढा मोठा हार आणला की तो घातल्यावर फोटोतले रखमाजी नाकापर्यंत बुडाले. वर नुसता चष्मा आणि कपाळ. त्यांच्या सुनेने, आकांक्षाने, पुढे होऊन हार जरा खाली ओढला. साहेबरावांनी तो पुन्हा वर केला.

"राहू दे गं. जालन्याहून मागवलाय, दिसला पायजे."

"मामा दिसायला पाहिजेत ना, मोठे मामा."

"त्याला काय, सगळ्यांनी पाह्यलंय," साहेबराव म्हणाले आणि हाराखाली उभे राहून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून घेतला. धाकट्या भावाच्या आठवणीत व्याकूळ झालेला थोरला भाऊ. फोटो नीट आला नाही म्हणून दोनदा व्याकूळ व्हावं लागलं.

आकांक्षा आत गेली. सासऱ्यांच्या फोटोपुढे आज भांडायचं नाही, असं तिने पहाटे चिमीला अंगावर पाजताना स्वतःला बजावलं होतं. पण दिवस नुसता श्राद्धाचा असता तर ते जमलं असतं. रखमाजी गेल्या हंगामात, ऐन गाळपात, कारखान्याचे चीफ केमिस्ट असतानाच गेले. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या घरातल्या किंवा भावकीतल्या एकाला कामावर घ्यायचं, ही कारखान्याची रीत. जागा प्रयोगशाळेतली होती, आणि तिच्यासोबत कॉलनीतलं हे क्वार्टर. नाव वारसांनी मिळून द्यायचं. वारस दोन: बायको उषाबाई आणि मुलगा अंगद. कारखान्याचे लेबर ऑफिसर राधेश्याम आज जेवायला येणार होते आणि जाताना नाव घेऊन जाणार होते.

आकांक्षा केमिस्ट्रीची बी.एस्सी. लग्नानंतर दोन हंगाम तिने सासऱ्यांच्याच हाताखाली प्रयोगशाळेत रोजंदारीवर काम केलं होतं. चिमीच्या वेळी दिवस गेले तेव्हा थांबली. साहेबरावांच्या मनात मात्र त्यांचा धाकटा, परमेश्वर. परमेश्वर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात बरीच वर्षं राहिला होता आणि सध्या वरातीत डीजे वाजवत होता. प्रयोगशाळेत तो एकदाच आला होता, नाकाला रुमाल लावून, आणि गंधकाच्या वासाने दारातच उलटी करून गेला होता. त्याचं नाव गेलं तर क्वार्टर त्याचं, आकांक्षा-अंगदने शहागडला दुकानामागच्या खोलीत राहायचं, आणि उषाबाईंची रवानगी टेंभुर्णीला, साहेबरावांच्या चुलीपुढे.

वारस दोन असले तरी त्या दोघांनी आजवर साहेबरावांचा शब्द ओलांडला नव्हता. अंगदला आकांक्षाने महिनाभर विचारलं होतं. तो म्हणायचा, "बघू." हायवेवर ट्रकचे स्पेअर पार्ट विकणारा हा माणूस गिऱ्हाइकाला कधी "बघू" म्हणत नसे, हो किंवा नाही, तिथल्या तिथे. "बघू" सगळं घरच्यांसाठी राखून ठेवलेलं.

स्वयंपाकघरात पुष्पाबाई, म्हणजे साहेबरावांची बायको, भांड्यांची झाकणं उचलून बघत होती.

"हे काय गं उषा? ठेचा? श्राद्धाला ठेचा करून राह्यली तू?"

"ह्यांना आवडायचा," उषाबाई खाली बघूनच म्हणाल्या. त्या वडे थापत होत्या.

"जल्मभर साखर केली भाऊजींनी. साखरेच्या माणसाला गोड नको व्हय? आमच्या ह्यांनी बघ, अंबडहून जिलेबी आणली, घमेलंभर."

"मामा जिलेबीला हात लावत नव्हते, मोठ्या आत्याबाई," आकांक्षा म्हणाली. "म्हणायचे, दिवसभर तोच वास, तीच चव. घरी आल्यावर जिभेला सुट्टी पाहिजे."

"घ्या! आता आमची माणसं काय खायची तेबी हीच सांगणार. चार वर्षांत सासरा पाठ झालाय पोरीला."

आकांक्षाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण उषाबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. बोलू नको, या अर्थाचं त्यांचं बघणं आकांक्षाला आता वाचता येत होतं. बाहेरून साहेबरावांचा आवाज आला तशी उषाबाईंनी पिठाच्या हातानेच डोक्यावरचा पदर पुढे ओढला. थोरल्या दिराशी त्या लग्न झाल्यापासून समोरासमोर बोलल्या नव्हत्या. काही विचारलंच तर "त्यांना म्हणावं" असं भिंतीला सांगायचं आणि मधल्या कोणी ते पोचवायचं.

चिमी रडायला लागली. आकांक्षा तिला घेऊन मधल्या खोलीत दाराआड बसली. दार अर्धं उघडं होतं, आणि बैठकीत साहेबरावांचं भाषण सुरू झालं होतं. जेवणाआधी रखमाजींच्या आठवणी सांगायच्या, असं त्यांनीच ठरवलं होतं, आणि आठवणी त्यांनीच सांगायच्या, हेही.

"आमच्या रखमाजीला कुणी शिकवलं? मी शिकवलं! पोटाला चिमटा घेऊन पुण्याला धाडलं. म्हणलं, जाय, साखरेचा इंजिनेर हो."

"केमिस्ट," कोणीतरी म्हणालं.

"तेच ते."

आकांक्षाला दाराआड हसू आलं आणि रागही. पुण्याला जायचं ठरलं तेव्हा भाऊ गेला तर औत कोण हाकणार म्हणून याच साहेबरावांनी त्याची पत्र्याची ट्रंक कडब्याच्या गंजीत लपवली होती. रखमाजी कपडे खताच्या पिशवीत भरून एस.टी.त बसले. ट्रंक अजून टेंभुर्णीला आहे. तिच्यात बियाणं ठेवतात. ही गोष्ट रखमाजी हसत हसत सांगायचे. "बरंच झालं," म्हणायचे, "ट्रंकेला एस.टी.त वेगळं तिकीट पडलं असतं."

"आणि माझा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला न्हाई," साहेबराव बाहेर म्हणत होते. "कारखान्यात एवढा मोठा हापिसर, पण भावापुढं मान खाली!"

"वो कॅन का भी सांगा ना, साहेबराव," एक जाडसर आवाज आला. हा सिराजोद्दीन. साखर शिजवण्याच्या पॅनवर त्याने रखमाजींसोबत सगळी नोकरी काढली होती, आणि आज शहागडहून मुद्दाम आला होता.

"कंचा कॅन?"

"अरे, तुमच्या पोरीच्या लग्नातला! तुम्ही निरोप धाडल्ता, डिस्टिलरीतून स्पिरिटचा एक कॅन पाठव, पाव्हण्यांची सोय करायचीय. बराबर? साहेबांनी पाठवला का न्हाई?"

"पाठवला की."

"त्याच्यात काय निघालं ते सांगा ना."

साहेबराव खोकले.

"चुन्याची निवळी!" सिराजोद्दीनने स्वतःच सांगून टाकलं. "जानवश्यात पाव्हणे गिलास धरून बसलेले, आन् निघाली चुन्याची निवळी. वरून साहेबांचा निरोप, पोटाला चांगली राहती!"

माणसं हसली. चिमी दचकली, पिणं सोडून आवाजाकडे बघू लागली. आकांक्षाने तिला पुन्हा जवळ घेतलं. तिच्या मनात मात्र वेगळेच मामा आले. दिवस गेले होते तेव्हा तिला मळीचा वास सहन होईना. कारखान्यात राहणाऱ्या बाईला मळीचा वास नको म्हणजे मासळीला पाणी नको. कॉलनीतल्या बायकांनी चेष्टा केली. मामांनी काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून ते शिफ्ट संपली की कारखान्यातच अंघोळ करायचे, दुसरे कपडे घालायचे आणि मळके कपडे अंगणातल्या बादलीत बुडवूनच घरात पाय ठेवायचे. थंडीतसुद्धा. ओल्या केसांनी आत येऊन विचारायचे, "येतो का गं वास? खरं सांग, लाजू नको." एकदा ती म्हणाली, "थोडा येतो, मामा." तर ते उलट पावली परत गेले आणि पुन्हा अंघोळ करून आले. साठीच्या उंबऱ्यावरचा माणूस, ज्याच्या हातातल्या रसाच्या नमुन्यावर अख्खा कारखाना थांबायचा, तो सुनेला मळमळू नये म्हणून जानेवारीत दोनदा अंघोळ करायचा. हे बाहेर कोणी सांगणार नव्हतं. हारावर एवढी फुलं होती, पण असं काही लटकवायला जागा नव्हती.

राधेश्याम आले. त्यांनी फोटोला हात जोडले, घड्याळ पाहिलं, आणि जिलेबीचं घमेलं कुठे आहे तेही पाहून घेतलं. तेवढ्यात साहेबरावांनी हाक दिली, "चला, सगळे बाहेर या. सोडायचं बघू."

ही त्या घराची रीत. वर्षश्राद्धाला प्रत्येकाने गेलेल्याच्या नावाने आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची. तळहातावर तुळशीचं पान, त्यावर पळीभर पाणी, "अमक्याच्या नावानं तमकं सोडलं" म्हणायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. मग ती वस्तू जन्मात तोंडात घालायची नाही.

पहिला मान साहेबरावांचा. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "रखमाजीच्या नावानं जिलेबी सोडली!"

"वा!" सिराजोद्दीन म्हणाला. "मागच्या दिवाळीत डॉक्टरनं शुगर किती सांगितली म्हणले तुम्ही?"

साहेबरावांचा चेहरा लाल झाला. "सिराजमियाँ, तुम्हाला आमची रीत ठावं न्हाई म्हणून सांगतो. ताम्हनात पाणी पडलं की का सोडलं, कशामुळं सोडलं, विचारायचं न्हाई. परत घे म्हणायचं न्हाई. ते मेलेल्या माणसाचं झालं. बिलकुल बोलायचं काम न्हाई."

"माफ करा. नहीं बोलता."

पुष्पाबाईने वांगं सोडलं. वांग्याने तिच्या अंगाला पुरळ उठतं हे टेंभुर्णीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. परमेश्वर मोबाइल खिशात घालत पुढे आला आणि त्याने शेपूची भाजी सोडली. त्याच्या त्यागाने घर क्षणभर स्तब्ध झालं. सिराजोद्दीनने विचारलं, आपणही सोडलं तर चालेल का, आणि उषाबाईंनी मान हलवताच तळहात पुढे केला. "साहेबांनी तंबाखू माझी मागंच सोडवल्ती. मी चोरून खात व्हतो. आता चोरून बी न्हाई," तो म्हणाला, आणि खिशातली पुडी काढताना इतका हळहळला की राधेश्यामसुद्धा हसले.

मग अंगद. त्याने पाणी हातावर घेतलं. "आबांच्या नावानं... उकडलेल्या शेंगा," तो म्हणाला. संध्याकाळी बाप-लेक बाहेरच्या पायरीवर बसून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खायचे. टरफलं गोळा करायची पाळी रोज एकेकाची, आणि रोज त्यावरून भांडण. आकांक्षाला त्याचा हात धरावासा वाटला. एवढ्या ढोंगात एक तरी खरी वस्तू ताम्हनात पडली.

"आता सूनबाई," साहेबराव म्हणाले.

चिमीला कडेवर तसंच ठेवून आकांक्षाने उजवा तळहात पुढे केला. साहेबरावांनी स्वतः पान ठेवलं, स्वतः पळीने पाणी घातलं आणि वाकून, गोड आवाजात म्हणाले, "म्हण, मामांच्या नावानं लॅबच्या नोकरीचा हट्ट सोडला."

राधेश्याम छताकडे बघू लागले.

"हे खायची वस्तू नाही, मोठे मामा."

"आवडीचं सोडायचं असतं. तुला दुसरं काय आवडतं? दीड वर्साचं लेकरू न्हाई अजून, आन् रातपाळीला जायचं म्हणती. घराणं हाये आपलं."

"ज्याचं त्यानं म्हणायचं असतं ना? तुम्ही कसं सांगताय?"

"थोरल्यांनी सुचवावं लागतं."

"मग शेपू कोणी सुचवली?"

फिसकन हसण्याचा आवाज आला, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं तर तो पुष्पाबाईचा होता. तिने घाईघाईने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हलतच राहिले. साहेबरावांनी बायकोकडे असं बघितलं की एरवी ती भिंतीत शिरली असती.

"अंगद! बायकोला सांग. लोकं पाहून राह्यले."

आकांक्षानेही अंगदकडे बघितलं. तळहातावरचं पाणी बोटांच्या फटीतून झिरपत होतं. कडेवर चिमीने तिच्या मंगळसूत्राला हात घातला होता आणि ओढत होती. अंगदचे ओठ हलले. आता "बघू" म्हणणार, हे तिला इतकं ठाऊक होतं की तिने मान वळवली. हे पाणी खाली पडलं आणि तोंडातून शब्द गेला तर ती मामांच्या नावाने दिलेली गोष्ट होईल. मग ती कधी मागता येणार नाही. आणि मुठीत धरून बसली, तर सासऱ्याच्या श्राद्धात सून नाही म्हणाली, हे टेंभुर्णी जन्मभर सांगेल. मामांना काय आवडलं असतं हे तिला ठाऊक होतं. पण हाराआडचा माणूस काही बोलू शकत नव्हता.

तेवढ्यात तिच्या तळहाताखाली दुसरा तळहात आला. खरबरीत, पिठाचा. उषाबाईंनी सुनेचा हात हळूच कलता केला आणि पान, उरलेलं पाणी, सगळं आपल्या हातावर घेतलं.

"माझी बारी तिच्या आधी हाये," त्या म्हणाल्या.

"बराबर," साहेबराव खूष झाले. "उषाबाईनं चहा सोडावा. रखमाजीच्या हातचा चहा..."

"आवडीचं सोडायचं म्हणता ना, भाऊजी?"

बैठकीत कोणाच्या हातातला स्टीलचा पेला खाली टेकला, तो आवाजसुद्धा मोठा वाटला. उषाबाई भिंतीशी बोलत नव्हत्या. पदर डोक्यावरच होता, पण त्या सरळ साहेबरावांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मला तुमचा शब्द पाळायला लई आवडायचं. लग्न होऊन आले तशी पाळला. हे पुण्याला गेल्ते तव्हा तुम्ही म्हणले बायकोनं गावीच राहावं, मी राह्यले. अंगद पोटात व्हता तव्हा बी. माझ्या आईच्या मातीला जाऊ नको म्हणले, पेरणी हाये, मी न्हाई गेले. एवढं आवडीचं माझ्याकडं दुसरं काहीच न्हाई." त्यांनी हात ताम्हनावर नेला. "ह्यांच्या नावानं मी भाऊजींचा शब्द सोडला."

पाणी पडलं. पान तळहाताला चिकटलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने खाली लोटलं.

"हे काय... हे काय सोडणं झालं? उषाबाई, डोकं ठिकाणावर हाये का?"

"पूछना मना है ना?" सिराजोद्दीन अगदी नम्रपणे म्हणाला. "मी नवीन हाये, पण तुम्हीच सांगितलं."

माणूस स्वतःच्या तोंडाने बांधलेली गाठ स्वतःच्या दाताने सोडवू बघतो तेव्हा जसा दिसतो, तसे साहेबराव दिसत होते. राधेश्याम पुढे सरकले. त्यांना भूक लागली होती.

"मग भाभीजी, नाव?"

"आकांक्षा."

"अंगदराव, तुमचं?"

अंगद उठला. तो आकांक्षासमोर आला, चिमीच्या मुठीतून मंगळसूत्र सोडवलं आणि तिला आपल्या खांद्यावर घेतलं. पोर लगेच त्याच्या शर्टावर ओकली. "आकांक्षा," तो म्हणाला. मग राधेश्यामांकडे वळून, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा: "सकाळची शिफ्ट सहाला लागती ना? दुकान मी दहाला उघडीन. तवर चिमी माझ्याकडं."

आकांक्षाला त्या क्षणी त्याच्यावर प्रेम करावं की महिनाभराचा राग काढावा ते कळेना. दोन्ही नंतर करता येईल, असं तिने ठरवलं.

साहेबरावांनी टोपी झटकली. "या घरात अन्नाचा कण मला चालायचा न्हाई," ते म्हणाले, आणि जिलेबीच्या घमेल्याकडे शेवटची एक नजर टाकून बाहेर पडले. टेंभुर्णीची माणसं खालमानेने त्यांच्यामागे गेली. श्राद्धाच्या घरून न जेवता उठणं म्हणजे काय हे उषाबाईंना चांगलं ठाऊक होतं. उद्यापासून टेंभुर्णीचं कार्य, तिथलं लग्न, तिथली बातमी या घरी येणार नव्हती. त्या थोडा वेळ चपलांच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. आकांक्षाने जाऊन फोटोवरचा हार काढला आणि खुंटीला अडकवला. मामांचं तोंड दिसू लागलं.

परमेश्वर दारातून परत आला. "काकू, मला बी यायचं न्हव्हतं लॅबात. लगीनसराई हाये," असं घाईत म्हणून, दोन वडे उचलून पळाला.

पंगत बसली. राधेश्याम, सिराजोद्दीन, कॉलनीतले चार शेजारी. बाहेर जीप सुरू झाली होती, पण जाईना. मग हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. सगळ्यांना एकदमच कळलं की जीपमध्ये कोण कमी आहे.

पुष्पाबाई पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसली होती. पुढ्यात भाकरी, वडे, कढी. ती शांतपणे जेवत होती.

"मोठ्या आत्याबाई, हॉर्न..." आकांक्षा म्हणाली.

"ऐकू येतं मला. म्हातारी झाले, बहिरी न्हाई." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "मी वांगं सोडलंय. जेवण न्हाई." मग मान वर न करता तिने ताट जरासं पुढे सरकवलं. "उषा, तो ठेचा वाढ गं. भाऊजींना आवडायचा म्हणती ना. बघू तरी."

हॉर्न पुन्हा वाजला. उषाबाई ठेच्याचा दगडी खल घेऊन तिच्यापुढे वाकल्या, आणि चांगला दोन बोटं भरून वाढला.